ट्रेगिअर रेषा

बैठकीच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या, त्यांतली एक डगमगणारी. लांब टेबलावर कॉफीचा एक थर्मास, बेकरीतून आणलेल्या पाच पास्टी, म्हणजे खिमा, बटाटा आणि सलगमाचं सारण भरलेल्या तळहाताहून मोठ्या भाजक्या करंज्या, आणि अर्जांचे तीन गठ्ठे. मुलाखतीला बोलवायचं ठरलेल्यांचा गठ्ठा एक्कावन्नचा. मधला, ज्यांचं अजून ठरायचं होतं त्यांचा, सव्वीसचा. तिसरा नकाराचा, तो डोरीनने मोजायचं सोडून दिलं होतं, पण साडेपाचशेच्या आसपास असावा. बोलवायचे साठ. जागा सहा.

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक आलेख होता. आडव्या अक्षावर एका परीक्षेचे गुण, उभ्यावर दुसरीचे, मध्ये चौतीस ठिपके, आणि त्यांच्यामधून उजवीकडे चढत गेलेली एक रेषा. खाली पितळी पट्टीवर कोरलं होतं, ‘ट्रेगिअर रेषा’. ती पट्टी एका वर्षीच्या रेसिडेंट, म्हणजे पदवीनंतर इथे काम करत शिकणाऱ्या डॉक्टर मंडळींनी थट्टेने करून आणली होती. रेसिडेन्सीचे प्रमुख ऑरिन ट्रेगिअर यांनी ती खरोखरच चौकटीला ठोकून घेतली.

लेना डुडेक रेसिडेन्सीची उपप्रमुख होती आणि ते चौतीस ठिपके तिला पाठ होते. लांबलेल्या बैठकीत लोक नखं बघतात, ती ठिपके बघायची. कुठला ठिपका रेषेपासून किती लांब आहे हेसुद्धा तिला अंदाजाने सांगता आलं असतं. पण रेषेबद्दल तिने कधी प्रश्न विचारला नव्हता. ती भिंतीवर आधीपासून होती, भिंतीसारखीच.

सुपिरिअर सरोवराच्या काठची, स्लेट हार्बरची ही रेसिडेन्सी मुळात डीओ डॉक्टरांची. अमेरिकेत डॉक्टरांच्या पहिल्या पदव्या दोन, एमडी आणि डीओ. दोघांचा परवाना सारखा, औषधं तीच, शस्त्रक्रिया त्याच. डीओंना त्याखेरीज पाठ, मान, सांधे हातांनी चाचपून मोकळे करायला शिकवतात, आणि त्यांची परवान्याची परीक्षा वेगळी असते. एमडींच्या परीक्षेत इथे येणाऱ्यांना दोनशे चाळीसच्या घरात गुण असतात, डीओंच्या परीक्षेत पाचशे चाळीसच्या घरात. पूर्वी इथे एमडी कुणी अर्जच करत नसे. मग दोन्हीकडच्या रेसिडेन्सी एका छत्राखाली आल्या, एमडींचे अर्ज येऊ लागले, आणि पाच वर्षांपूर्वी ते इतके झाले की कटऑफही त्यांच्याच मापात लावायचं ठरलं. दोनशे सव्वीस. पुष्कळ डीओ विद्यार्थी दोन्ही परीक्षा देत. ज्यांनी आपली एकच दिली असेल त्यांचे गुण भिंतीवरच्या रेषेवरून एमडींच्या मापात बदलून घ्यायचे.

डोरीन कँगस कार्यालय सांभाळायची. तिने मधल्या गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. “इंगा होकॅन्सन. डीओ. एकच परीक्षा. चारशे ऐंशी.”

ऑरिन उठले. सदुसष्ट वर्षांचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. ही त्यांची शेवटची निवड. त्यांनी आपली लाकडी पट्टी उभ्या अक्षावर चारशे ऐंशीपाशी लावली, आडवी धरून रेषेपर्यंत नेली आणि तिथून बोट सरळ खाली आणलं.

“दोनशे तेवीस,” ते म्हणाले. “तीन कमी. वाईट वाटतं.”

“वाईट सगळ्यांचंच वाटतं,” निवड समितीतले डॉ. लॉयल पेल्की म्हणाले. “पुढचा काढ, डोरीन.”

कागद नकाराच्या गठ्ठ्यावर गेला. लेनाने तोंड उघडलं आणि पास्टीचा घास घेऊन मिटलं.

बोलता आलं असतं, पण इथे एक नियम होता. फार पूर्वी एका विश्वस्ताच्या पुतण्यासाठी कटऑफ थोडं वाकवलं गेलं होतं. तो पुतण्या दीड वर्षात सोडून गेला आणि त्याच्या पाळ्या बाकीच्यांनी रडतखडत भरल्या. तेव्हापासून ऑरिन म्हणत, माणूस बघायचा असेल तर मुलाखतीत बघा. मुलाखतीपर्यंत सगळे एकाच दारातून येतील. लेनाला हा नियम मनापासून पटत होता. तिला कुणासाठी मागचं दार उघडायचं नव्हतं. तिला फक्त तो आकडा पटत नव्हता, आणि का पटत नाही ते सांगता येत नव्हतं.

इंगा होकॅन्सन ऑगस्टमध्ये चार आठवडे त्यांच्या दवाखान्यात शिकायला होती. लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकचा एक चालक पाठदुखीसाठी तिसऱ्यांदा आला होता. दोनदा त्याला गोळ्या देऊन पाठवलं होतं. तिसऱ्यांदा लेना पाठीचा स्कॅन लिहीत होती. इंगाने त्याला पालथं झोपवून पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि कण्यालगत वरून खालपर्यंत चाचपत गेली. मग म्हणाली, “डॉक्टर, पाठीत काही सापडत नाहीये. दुखणाऱ्या माणसाची पाठ इतकी मऊ नसते.” लघवी तपासली, तिच्यात रक्त. मुतखडा निघाला. लेनाने नंतर तीच पाठ स्वतः चाचपून पाहिली होती. तिला मऊ आणि ताठ यांतला फरक कळला नाही, म्हणून तिने इंगाला पुन्हा दाखवायला लावला.

दुसरी परीक्षा का दिली नाही, हे इंगाने एकदा कँटीनमध्ये सूप पिता पिता सांगितलं होतं. परवाना एकच मिळणार, मग परीक्षा दोन कशाला? फी वेगळी, सहा आठवड्यांचा अभ्यास वेगळा. तिचा नवरा लोखंडाचा दगड वाहणाऱ्या जहाजावर इंजिनमध्ये होता आणि ते जहाज हिवाळाभर याच बंदरात लागायचं. दोघांचं लग्न झाल्यापासून एका घरात राहणं म्हणजे जानेवारी ते मार्च. ही रेसिडेन्सी मिळाली तर इथेच खोली घेता येईल. नाही मिळाली तर पुढची सात तासांवर, बर्फ असेल तर नऊ. तिने हे गाऱ्हाण्यासारखं सांगितलं नव्हतं. सुपात क्रॅकर बिस्किट बुडवत, नकाशा दाखवावा तसं सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी लेना घरी संगणकापुढे बसली. तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती. आलेख काढला त्यानंतरही दोन्ही परीक्षा दिलेले चोवीस रेसिडेंट येऊन गेले होते. त्यांचे ठिपके मिळवले तर रेषा जराशी हलते का, आणि हललीच तर किती? तिने अठ्ठावन्न जणांचे गुण भरले. रेषा जवळजवळ हललीच नाही. चारशे ऐंशीला पुन्हा दोनशे तेवीस.

मग तिने सहज, पडताळा म्हणून, यंत्रालाच सरळ विचारलं. डीओंच्या परीक्षेत चारशे ऐंशी असतील तर एमडींच्या परीक्षेत किती असतील?

दोनशे एकतीस.

तिला वाटलं भरताना काहीतरी चुकलं. तिने रकाने पुन्हा तपासले, नावं नावांसमोर आहेत ना ते पाहिलं, मग कागदावर पेन्सिलीने तोच हिशेब केला. दोनशे एकतीस. ती उठली, चहाचं पाणी ठेवलं, आणि पाणी उकळायच्या आत तिला कळलं.

ठिपके एका ओळीत असते तर कुठल्याही बाजूने वाचलं तरी उत्तर एकच आलं असतं. पण ते ढगासारखे पसरलेले होते. एका परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी दुसरीतही मागे असतो, पण सहसा तितका मागे नसतो. कुणाचा एक दिवस वाईट गेलेला असतो, कुणाला एक पेपर जड गेलेला असतो. म्हणून एका गुणांवरून दुसऱ्याचा अंदाज करताना तो थोडा सरासरीकडे ओढून घ्यावा लागतो, आणि तशी ओढून घेतलेली रेषा एकाच दिशेने खरी असते. ऑरिननी ती आडव्या अक्षावरून उभ्याकडे जाण्यासाठी काढली होती, एमडींच्या गुणांवरून डीओंचे गुण काढायला. तेव्हा कटऑफ डीओंच्या मापात होतं. पुढे कटऑफ बदललं आणि पट्टी उलटीकडून लागू लागली. उलट्या बाजूने तीच रेषा सरासरीकडे ओढण्याऐवजी सरासरीपासून लांब ढकलते. थोडा मागे असलेला फार मागे दिसतो, थोडा पुढचा फार पुढे.

पट्टी लावली की उत्तर येतच होतं. म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

लेनाने चहा केला आणि प्यायलीच नाही. इंगाचा प्रश्न सुटला होता, पण तो सुटायचा तर आधी ऑरिनना सांगावं लागणार होतं, त्यांच्या शेवटच्या वर्षी, त्यांच्या नावाची पट्टी लावलेल्या चौकटीबद्दल. पेल्कींसमोर एकदम काढणं तिच्याने झालं नसतं. न सांगणं तर त्याहूनही नाही.

रविवारी ती गाडी काढून त्यांच्या कॅम्पवर गेली. सरोवराच्या काठी झाडीत त्यांचं लाकडी घर होतं, एक खोली आणि बाजूला सौना, वाफेच्या अंघोळीची खोली. बायको व्हर्ना तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते गावातल्या घरापेक्षा इथेच जास्त असायचे. लेना अधूनमधून रविवारी यायची आणि येताना बीपीचा पट्टा आणायची, कारण ऑरिनना डॉक्टर नव्हता. शंभर वेळा सांगून झालं होतं. ते म्हणत, मी आहे की.

ते हिवाळ्यासाठी लाकडं रचत होते. लेनाही हातमोजे चढवून ओंडके देऊ लागली. बराच वेळ झाल्यावर त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं, “कोण मेलं?”

“कुणी नाही.”

“मग तोंड असं का? डेट्रॉइटची टीम हरली?”

“ती रोजच हरते,” लेना म्हणाली. “चला, आत बसा. पट्टा लावते.”

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते बाही वर करून बसले. समोर वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता, शेजारणीने दिलेला. एकशे अठ्ठावन्न, नव्वद. लेनाने सांगितलं तशी त्यांनी पाठ टेकली, पाय जमिनीवर ठेवले, आणि पाच मिनिटं दोघं खिडकीतून सरोवराकडे बघत राहिले. पाणी शिशासारखं करडं होतं. मग तिने पुन्हा पट्टा फुगवला. एकशे सेहेचाळीस, चौऱ्याऐंशी.

“नेहमीचंच,” ऑरिन म्हणाले. “पहिल्याला घाबरायचं नाही. चाळीस वर्षं हेच सांगतोय पोरांना.”

लेनाने पट्टा सोडवला नाही. “ज्यांचं पहिलं एकशे अठ्ठावन्न येतं त्यांचं दुसरं साधारण एकशे सेहेचाळीस येतं, असं धरू. धरलं?”

“धरलं.”

“आता मी तुम्हाला फक्त दुसरं माप देते. एका माणसाचं दुसरं एकशे सेहेचाळीस आलं. पहिलं किती असेल?”

“एकशे अठ्ठाव...” म्हणता म्हणता ते थांबले. त्यांच्या भुवया जवळ आल्या. “नाही. तसं नाही म्हणता येणार. दुसऱ्यांदा एकशे सेहेचाळीस येणाऱ्यांत खालून वर गेलेलेही असतात. त्यांचं पहिलं कमी असतं.” त्यांनी पावाचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. “सगळे मिळून सरासरी काढली तर तिथेच कुठेतरी येईल. अठ्ठावन्न तर नक्कीच नाही.”

“म्हणजे पहिल्यावरून दुसरं काढायची रेषा वेगळी.”

“आणि दुसऱ्यावरून पहिलं काढायची वेगळी.” हे ते सहज बोलून गेले. मग त्यांनी लेनाकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की त्यांना कळलं आहे.

“आपण ती कुठून वाचतोय?” त्यांनी विचारलं.

“उभ्यावरून आडव्याकडे.”

“आणि मी काढली होती...”

“आडव्यावरून उभ्याकडे.”

ते उठून चुलीपाशी गेले, झाकण उघडून आत बघितलं, काही न टाकता बंद केलं. पट्टा त्यांच्या दंडावर तसाच होता, नळी लोंबत होती.

“किती पोरं?”

लेनाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. “पाच वर्षांत तेवीस. फक्त याच आकड्यावर अडलेली. यंदाची वेगळी.”

“तेवीस,” ते म्हणाले. “आणि सगळी डीओ.”

“हो.”

“आणि मी डीओ.”

तिने जवळ जाऊन त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि गुंडाळायला लागली. ऑरिन परत येऊन बसले. त्यांनी पावाचा तोच तुकडा उचलला आणि या वेळी कॉफीत बुडवून खाल्ला.

“ती रेषा मी कशासाठी काढली, माहीत आहे तुला?”

“कटऑफसाठी.”

“कटऑफ आधीपासून होतं. चारशे ऐंशी, आमच्या मापात. एमडींना अर्ज करायची मुभा मिळाली त्या पहिल्याच वर्षी एक अर्ज आला. डेट्रॉइटजवळच्या हॅमट्रॅमकची मुलगी. परीक्षेत दोनशे चोवीस. आम्ही चार म्हातारे तो आकडा बघत बसलो. हा बरा की वाईट, एकालाही सांगता येईना. लॉयल म्हणाला, आपल्याला वाचता येत नाही तो कागद परत पाठवा. मी म्हटलं, थांब, आधी वाचायला तर शिकू. मग घरी बसून जुन्या रेसिडेंटांना फोन लावले. दोन्ही परीक्षा कुणी कुणी दिल्यात, किती किती पडले. व्हर्ना म्हणाली, लग्नात इतके फोन केले नव्हतेस.”

लेनाचे हात पट्ट्यावरच थांबले होते.

“चौतीस जण मिळाले,” ऑरिन म्हणाले. “आणि दोनशे चोवीसचे झाले चारशे चौऱ्याऐंशी.”

“मला कुणी कधी सांगितलं नाही.”

“काय सांगायचं? चाराने आत आलीस म्हणून? डोक्यात हवा गेली असती.”

लेना हसली, पण हसणं नीट झालं नाही. तिने नाक पुसलं आणि पट्टा पिशवीत टाकला. “तेव्हा बरोबर वाचली होती तुम्ही,” ती म्हणाली. “मी तपासलं. त्या दिशेने ती बरोबर आहे.”

“मग ज्या कामासाठी काढली ते तरी झालं म्हणायचं.” त्यांनी कप पुढे सरकवला. “ही होकॅन्सन. तुझ्या मनात ती आहे, खरं ना?”

“आहे. म्हणूनच मी मत देणार नाही. मोजताना खोलीतसुद्धा बसणार नाही.”

“बाहेर डोरीनजवळ बस. बाकी मी सांगतो.”

“तुम्हाला सांगायला लागू नये असं वाटत होतं. शेवटच्या वर्षी तरी.”

“शेवटच्याच वर्षी सांगायला हवं, बाळ. पुढच्या वर्षी मी नसेन, आणि तुम्ही सगळे म्हाताऱ्याची आठवण म्हणून ती रेषा आणखी वीस वर्षं तशीच टांगून ठेवाल.” ते हातमोजे शोधू लागले. “चल. अंधाराच्या आत ती रांग पुरी करू.”

सोमवारी बैठक भरली तेव्हा लेना आणि डोरीन बाहेरच्या बाकावर होत्या. दार नीट लागत नसे, त्यामुळे आतलं बरंचसं ऐकू येत होतं. ऑरिननी फिरवून फिरवून सांगितलं नाही. पाच वर्षं आपण ही उलटी वाचतोय, चूक माझी, सापडली लेनाला, आणि आजपासून थांबवायची, एवढंच ते म्हणाले. मग चौकट भिंतीवरून उतरल्याचा आवाज आला.

पेल्कींनी आधी विचारलं की ती नुसती आडवी टांगली तर चालणार नाही का. ऑरिननी सांगितलं की नाही, रेषाच दुसरी लागते. मग पेल्की म्हणाले की आपण एक गोष्ट बोलून दाखवणार आहोत, कुणाला लागली तर लागू दे. हिशेब लेनाचा, आणि ज्या मुलीचा त्यात फायदा आहे ती लेनाची लाडकी. हे बरं दिसतं का?

बाकावर डोरीनने लेनाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बोलू दे. त्याच्या पोटात राहिलं तर गॅस होतो.”

आत ऑरिन म्हणाले, “बरोबर बोललास. म्हणून ती बाहेर बसली आहे, आणि म्हणून हिशेब तू करायचा. नावं झाकलेली आहेत. डीओ, एकच परीक्षा, सगळे. बोलवायचे आणि नाकारलेले, दोन्ही गठ्ठ्यांतले.”

“मी?”

“तुझ्याइतका लेनावर संशय घेणारा दुसरा कोण आणू?”

पेल्की काहीतरी पुटपुटले. खुर्ची ओढली गेली, ती डगमगणारीच असावी, कारण तिचा एक पाय दोनदा आपटला. मग कॅल्क्युलेटरची बटणं आणि मध्ये मध्ये आकडे. बाहेर डोरीनने पास्टीचे दोन तुकडे केले आणि लेनाच्या तुकड्यावर विचारल्याशिवाय केचप ओतलं. लेनाने आपण ग्रेव्हीवाले आहोत याची आठवण करून दिली. ग्रेव्ही घालणारे लोक पुलापलीकडचे, डेट्रॉइटकडचे, डोरीन म्हणाली, आणि तू पुलापलीकडचीच आहेस, हे आम्ही तोंडावर बोलत नाही इतकंच. लेना तुकडा हातात धरून दाराकडे कान देऊन बसली.

सहाशे नव्वद, पेल्की म्हणाले. होते दोनशे पंचाहत्तर, आता दोनशे छप्पन्न. हा आतच राहतो. चारशे दहा, दोनशे बावीस. हा बाहेरच. चारशे पासष्ट, दोनशे एकोणतीस. हा आत येतोय, ऑरिन. बराच वेळ कागदांची सळसळ. मग, “चारशे ऐंशी.” बटणं. “दोनशे एकतीस. आत.”

आवाजात काहीच बदल नव्हता. त्यांना माहीत नव्हतं तो कागद कुणाचा. पुढचा आकडा सुरू झाला. लेनाने केचप लागलेला तुकडा तोंडात टाकला.

नकाराच्या गठ्ठ्यातून एकूण सात कागद वर आले. पेल्की म्हणाले, साठच्या वर एकही मुलाखत नाही हा तुझाच नियम, आणि मधल्या गठ्ठ्यातून नऊ घेऊन साठ भरलेत. ऑरिन म्हणाले, ते सात मी शनिवारी घेईन, माझ्या वेळात. पेल्की म्हणाले, तू एकटा घेतलास तर सगळ्यांनाच पास करशील. शेवटी त्या सातही मुलाखती शनिवारी दोघांनी मिळून घेतल्या, आणि पेल्की प्रत्येक शनिवारी कुरकुरत आले.

इंगाची मुलाखत डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी झाली. लेनाने त्या दिवशी दवाखान्यात पाळी लावून घेतली होती, आणि फेब्रुवारीत पसंतीचा क्रम लावताना इंगाचं नाव आलं की ती खोलीबाहेर जाऊन पाणी पिऊन यायची. इंगाला कितवा क्रमांक दिला ते तिने विचारलं नाही. मार्चमध्ये देशभरच्या जागावाटपाचा निकाल लागला, त्यात इथली सहा नावं आली. डोरीनने ती दारात उभी राहून वाचली. इंगाचं चौथं होतं. पेल्की म्हणाले, “त्या शनिवारची ना? कटऑफबद्दल तोंडावर वाद घातला तिने माझ्याशी. परवान्याची परीक्षा म्हणे गाडीच्या परवान्यासारखी असते, चालवता येते की नाही एवढंच सांगते.” मग म्हणाले, “मुद्दा बरा होता.”

तेवीस जणांना ऑरिननी पत्रं लिहिली. नऊ उत्तरं आली. एक जण आता माँटानात होता. त्याने पकडलेल्या ट्राउट माशाचा फोटो पाठवला.

जूनच्या शेवटी ऑरिन निवृत्त झाले. या रेसिडेन्सीत एक जुनी पद्धत होती. निवृत्त होणाऱ्या डॉक्टरचं नाव जुलैत आलेल्या नव्या रेसिडेंटच्या रुग्णांच्या यादीत घालायचं. ऑरिननी स्वतः ही पद्धत तीन जणांना पाळायला लावली होती, त्यामुळे त्यांना सुटका नव्हती. कुणाच्या यादीत जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, असं डोरीनने जाहीर केलं. चिठ्ठ्या कुणी पाहिल्या नाहीत.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी ते तीन नंबरच्या खोलीत बाही वर करून बसले होते. लेना देखरेखीला होती, म्हणून दाराशी उभी राहिली. खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसत होता आणि त्यात दगड भरून घेणारं एक लांबच लांब जहाज. इंगाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. तिच्या कोटाच्या बाह्या तिला जरा लांब होत होत्या.

“तुम्हाला आतापर्यंत कोण बघायचं?” तिने विचारलं.

“मीच.”

“आणि रुग्ण सांगितलेलं ऐकायचा?”

“अजिबात नाही,” ऑरिन म्हणाले, आणि दाराकडे बघून एक डोळा मिचकावला.

तिने पट्टा बांधला, फुगवला, स्टेथोस्कोपने ऐकत हवा सोडली. एकशे बावन्न, अठ्ठ्याऐंशी. तिने आकडा लिहिला. त्यांच्या पाठीमागे एक उशी दिली, एकावर एक टाकलेले पाय सुटे करून जमिनीवर ठेवायला सांगितले, दंड टेबलावर टेकवला, आणि स्टूल ओढून समोर बसली.

“आता पाच मिनिटं बोलायचं नाही,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे, बाई. मीच तर...”

“बोलायचं नाही.”

ते गप्प बसले. पाच मिनिटं झाल्यावर तिने पुन्हा पट्टा फुगवला.

एकशे अडतीस, ऐंशी.